नौदलाचे काम हवे, तर रॉड कोरडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या २०१७ ते २०२५ या काळात नौदलात दाखल झाल्या. अशा कामांतला वाटा उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांनाही मिळावा, ही मागणी रास्तच आहे. ओतकाम, यंत्रकाम, हायड्रॉलिक्स यांत बेळगावचा हात धरणारे थोडे. पण पाणबुडीच्या कवचाचे वेल्डिंग ही निराळी शिस्त आहे. तिची तयारी वेल्डिंगचा रॉड (इलेक्ट्रोड) भाजायच्या ओव्हनपासून करावी लागेल.

असल्या कवचाच्या पोलादाचे जुने उदाहरण म्हणजे अमेरिकी एचवाय-८०. ते सुमारे ५५० मेगापास्कल ताण सोसते, म्हणजे शेडसाठी वापरतो त्या माइल्ड स्टीलच्या दुपटीहून जास्त. त्यात दोन ते सव्वातीन टक्के निकेल, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते. प्लेट पाणी देऊन (झटकन थंड करून) मग टेंपर केलेली, म्हणजे पुन्हा मध्यम तापवलेली असते. वेल्डशेजारचा पट्टा झटकन थंड झाला की ठिसूळ बनतो. रॉडच्या आवरणातल्या ओलीतून आर्कमध्ये हायड्रोजन सुटतो, या पट्ट्यात शिरतो आणि सांधा आक्रसताना चीर पाडतो. ती कधी दोन दिवसांनी, तीही आतल्या आत पडते. म्हणून अंतिम तपासणी ४८ ते ७२ तासांनंतरच करतात. त्याच दिवशी मिळालेला ‘ओके’ शेरा इथे धरू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर विशेषच, हवा ओलीने भरलेली असते. अनेक शॉपमध्ये फोडलेले पाकीट टेबलावर पडून राहते. रॉड सादळला तर जॉबला चिकटवून लाल करतात. त्याने आवरण तडकते आणि ओल पुरती जात नाही. लो-हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणारा) रॉड कंपनीच्या सूचनेप्रमाणे, साधारण ३५० ते ४०० अंशांवर तास-दोन तास भाजावा, मग १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावा आणि वेल्डरने गरम क्विव्हरमधून (हातात नेता येणाऱ्या तापत्या डब्यातून) एकेक काढावा. अशा पोलादासाठीचा ई-११०१८-एम रॉड अर्धा तास उघडा राहिला तर परत भाजायला जातो, तोही एकदाच. त्या ओव्हनमध्ये जेवणाचे डबे तापवणे आजच बंद करावे.

जाड प्लेट वेल्डिंगआधी तापवून (प्रीहीट) काम चालू असताना सुमारे ९५ ते १५० अंशांत ठेवावी लागते. गॅसच्या ज्योतीतले पाणी थंड प्लेटवर साचते, म्हणून तापवायला विजेचे सिरॅमिक पॅड बरे. तापमान सांध्यापासून ७५ मिलिमीटरवर मोजावे. वरची मर्यादाही तितकीच कडक आहे, कारण जास्त उष्णतेने चिवटपणा जातो. २४ व्होल्ट, १६० अँपिअर, मिनिटाला १५० मिलिमीटर वेग असेल तर दर मिलिमीटरला सुमारे दीड किलोज्यूल उष्णता जाते. वेग ९० वर आला की ती अडीचच्या पुढे जाते, मर्यादा २.२ च्या आसपास असते. त्यामुळे रॉड हलवत रुंद थर भरायची आपली सवय इथे चालत नाही, सरळ बारीक थरच द्यावे लागतात.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या ‘सीवुल्फ’ पाणबुडीच्या कवचाचे वेल्ड तडकलेले आढळले. झालेले काम पुन्हा करावे लागले. तिथे साधने कमी नव्हती.

जिल्ह्यातील आयटीआयनी वेल्डरच्या परीक्षेत बेंड टेस्टसोबत (सांधा वाकवून पाहण्याच्या चाचणीसोबत) रॉड भाजल्याची नोंदवही आणि प्रीहीटचे मोजमापही तपासावे. ज्या लहान शॉपना स्वतंत्र ओव्हन परवडत नाही, त्यांच्यासाठी उद्योजक संघटनांनी उद्यमबागेत एक सामायिक बेकिंग ओव्हन आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतली चीर शोधणाऱ्या) तपासणीची सोय येत्या पावसाळ्याआधी सुरू करावी.

आपले,
काही वेल्डिंग निरीक्षक व निदेशक, बेळगाव