नायिका निवडण्याची मुभा हवीच

रविवारच्या पुरवणीतील व्हिडिओ गेमवरील लेखात ‘नायक मुलगा की मुलगी, याने खेळात काय फरक पडतो?’ असा प्रश्न आहे. फरक पडतो, आणि तो मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातच पाहिला. माझी दहा वर्षांची भाची काचेला तडा गेलेल्या मोबाइलवर गेम खेळत होती. सुरुवातीलाच ‘मुलगा की मुलगी’ असे विचारल्यावर तिने मुलगी निवडली, तिला दोन वेण्या घालता येतात का हे बराच वेळ शोधले आणि पहिला टप्पा पार होताच ओरडली, ‘मावशी, मी जिंकले!’ एरवी त्याच मोबाइलवर नायक मुलगाच असलेला गेम खेळताना ती ‘तो जिंकला’ म्हणते.

मुलगा आणि मुलगी दोन्ही ठेवल्यास खर्च वाढतो, हा मुद्दा खरा आहे. संवाद दोनदा ध्वनिमुद्रित करावे लागतात. पण ‘मास इफेक्ट’ या गेमने २००७ मध्येच शेपर्ड या मुख्य पात्राला स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज दिले. ‘पोकेमॉन क्रिस्टल’ या गेममध्ये तर २००० सालीच मुलगी निवडता येत होती.

मराठीत हे अधिकच महत्त्वाचे. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांसाठी इंग्रजीत एकच वाक्य चालते. आपल्याकडे क्रियापदच लिंग सांगते. उद्या नांदेड किंवा लातूरच्या तरुणांनी मराठी गेम करायला घेतला, तर दोन्ही रूपे संवाद लिहितानाच धरावी लागतील. नंतर ठिगळ लावून भागणार नाही.

– एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)