थांबायचे की निघायचे, हे अंतर आणि वारा पाहून ठरावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुकुशिमा दुर्घटनेच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या अंकात आलेल्या लेखात, त्या काळात परदेशी नागरिक घाबरून जपान सोडून गेले, असा ओझरता उल्लेख आहे. त्या वेळी मी पत्नी आणि सात महिन्यांच्या मुलीसह टोकियोत, एदोगावा वॉर्डातल्या निशीकासाई भागात राहत होतो. निघून गेलेली आणि थांबलेली अशी दोन्ही प्रकारची कुटुंबे जवळून पाहिल्यामुळे, त्यांची विभागणी भित्रे आणि धीट अशी करणे अन्यायाचे आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

11 मार्च 2011 रोजी त्सुनामीचे पाणी फुकुशिमा दाइइची केंद्रात शिरून डिझेल जनरेटर बंद पडले, अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा कोलमडली आणि 12 तारखेला पहिल्या, तर 14 तारखेला तिसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. जपान सरकारने 20 किलोमीटरच्या आतील वस्ती हलवली. अमेरिकेने आपल्या नागरिकांना 80 किलोमीटरच्या बाहेर जाण्यास सांगितले, फ्रान्सने टोकियोही सोडण्याचा सल्ला दिला आणि जर्मनीने दूतावासाचे काम ओसाकाला नेले. टोकियो त्या केंद्रापासून सुमारे 230 किलोमीटरवर आहे. एकाच शहरात राहणाऱ्या शेजाऱ्यांना, केवळ पासपोर्ट वेगळा म्हणून, वेगवेगळे सल्ले मिळत होते. ब्रिटन सरकारचे तत्कालीन मुख्य वैज्ञानिक सल्लागार जॉन बेडिंग्टन यांनी मात्र टोकियोतील आपल्या नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, अगदी वाईट शक्यता धरली तरी आरोग्याच्या कारणासाठी टोकियो सोडण्याची गरज का नाही, हे चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेशी तुलना करून सकारण सांगितले. माझ्या मते त्या दिवसांत सर्वांत उपयोगी पडले ते हेच, कारण सल्ल्यामागचा तर्क कळला की माणसाला तो स्वतःच्या परिस्थितीला लावून पाहता येतो.

आमच्या घरापुरता प्रश्न 23 मार्चला बदलला. कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागे 210 बेक्वेरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) इतके किरणोत्सारी आयोडीन-131 आढळल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. मोठ्यांसाठी मर्यादा 300 होती, तान्ह्या मुलांसाठी 100. म्हणजे ज्या नळाचे पाणी आम्ही दोघे निर्धास्त पिऊ शकत होतो, त्यात मुलीची दुधाची पावडर कालवता येत नव्हती. थोड्याच वेळात दुकानांतले बाटलीबंद पाणी संपले, आणि महानगर प्रशासनाने प्रत्येक तान्ह्या बाळामागे 550 मिलिलिटरच्या तीन बाटल्या वाटायचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी ते प्रमाण 79 वर आले. शिवाय हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते, हेही आम्हाला ठाऊक होते. तरीही पत्नी आणि मुलगी काही आठवडे ओसाकाला स्नेह्यांकडे राहिल्या आणि मी कामावर थांबलो. आमच्याच इमारतीतले एक जोडपे, पत्नीला दिवस गेलेले असल्याने, शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी रांग लावून भारतात परतले. त्यांचाही निर्णय योग्यच होता.

गावाकडून येणाऱ्या फोनचा ताण मात्र वेगळाच होता. स्फोटाची तीच दृश्ये दिवसभर टीव्हीवर पाहणाऱ्या आईवडिलांना, मुंबई ते नागपूर अंतराच्या साधारण एकतृतीयांश इतक्या लांब आम्ही आहोत, हे कोणीच दाखवत नव्हते. "नोकरी गेली खड्ड्यात, आधी निघून या," या वाक्यामागची माया खरी होती, पण निर्णयाला लागणारी माहिती त्यात नव्हती. किरणोत्सारापासून बचाव म्हणून गुळण्यांचे आयोडीन पिण्याचे सल्लेही फिरत होते; ते पिऊ नका, असे जपानच्या किरणोत्सारविषयक संस्थेला जाहीरपणे सांगावे लागले.

निघून जाणे नेहमीच सुरक्षित, हेही खरे नाही. नामिए गावातील कित्येक लोक वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयाला गेले आणि वाऱ्याने किरणोत्सारी द्रव्ये नेमकी तिकडेच नेली, कारण ती कुठे पसरतील याचे सरकारी यंत्रणेचे अंदाज त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचलेच नाहीत. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराची दगदग आणि त्यानंतरचे हाल यांमुळे 2,000 हून अधिक मृत्यू आपत्तीशी संबंधित म्हणून नोंदले गेले असून त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी आहे.

आज संयुक्त अरब अमिरातीत, अबू धाबीच्या बराका अणुवीज केंद्रात चार अणुभट्ट्या आहेत आणि त्या देशात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाला माझी विनंती आहे की, अशा प्रसंगी आपल्या दूतावासांनी केवळ "सावध राहा" किंवा "परत या" असे न सांगता, केंद्रापासूनचे अंतर, वाऱ्याची दिशा, मोजलेली पातळी आणि गर्भवती व तान्ह्या मुलांसाठीचा वेगळा सल्ला रोजच्या रोज, भारतीय भाषांतूनही द्यावा. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी स्फोटाच्या छायाचित्राशेजारीच ते आकडे आणि एक नकाशा छापावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे