ओबोनच्या नाचासाठी वर्गणी हवी, हात त्याहून अधिक हवेत

टोकियोच्या निशिकासाई परिसरातील सर्व मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

आपल्या वसाहतीची चोनाइकाई, म्हणजे रहिवासी समिती, यंदाही जुलैच्या शेवटच्या शनिवारी मैदानावर ‘बोन ओदोरी’, म्हणजे ओबोनचा सामूहिक नाच, भरवत असून, या वेळी आपल्या मंडळाने यजमानांच्या बाजूने उभे राहावे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे.

ओबोन हा पितरांचा सण. बुद्धांचे शिष्य महामोग्गलान यांना आपली दिवंगत आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना दिसली, त्यांनी दिलेला घास तिच्या तोंडाशी जाताच निखारा झाला, आणि वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघाला भोजनदान केल्यावर तिची सुटका झाली, अशी उल्लंबन सूत्र या बौद्ध ग्रंथातील कथा आहे. त्या आनंदात ते नाचले, तोच हा नाच, असे इथे सांगतात. टोकियोत पुष्कळ घरी 13 ते 16 जुलैला, तर जपानात बहुतेक ठिकाणी महिनाभराने पितर येतात. काड्यांचे पाय टोचलेली काकडी हा त्यांचा येतानाचा घोडा आणि तसेच वांगे ही परतीची गाय, कारण येताना घाई व्हावी आणि जाताना पाऊल रेंगाळावे. पितृपंधरवड्यात कावळ्याची वाट पाहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी ढोलाचा मचाण उभारताना सत्तरी ओलांडलेले आजोबा लोखंडी नळ्या खांद्यावरून आणत होते आणि आपण त्यांचे फोटो काढत होतो, हे लिहिताना संकोच वाटतो; आपल्या गणेशोत्सवाला टेबले आणि तंबू याच मंडळींनी दिले होते.

शनिवारी सकाळी आठला उभारणीसाठी दहा जण आणि रविवारी उतरवण्यासाठी तितकेच हवेत. उतरवायला कोणी फिरकत नाही, हा आपल्या सर्वच कार्यक्रमांचा अनुभव असल्याने नावे आधी रविवारसाठी द्यावीत. नाच येत नसला तरी चालेल. कोळसा खणून पाठीवर टाकण्याच्या हालचालींचा एक नाच तर दोन फेऱ्यांत जमतो.

वर्गणी ऐच्छिक आहे. तिच्यातून ढोलवादकांचे जेवण, मुलांचा खाऊ आणि कंदिलांचा खर्च भागेल. देणगीदारांची नावे कंदिलांवर लिहिली जातील. नावे व वर्गणी 30 जूनपर्यंत खजिनदारांकडे पोहोचवून पावती घ्यावी. पाकीट लाल-पांढऱ्या गाठीचे आणावे. काळ्या-पांढऱ्या गाठीचे पाकीट इथे अंत्यविधीला देतात, आणि दुकानात दोन्ही शेजारीशेजारीच असतात.