प्रदर्शन पुढे गेलं तरी चालेल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

अशा संकटाच्या दिवसांत अमूर्त चित्रं काढत बसावं का, आणि काढली तर ती दाखवायची कशी, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देते: काढ. बाहेर एवढं चाललेलं असताना आपण रंग आणि रेघा काय घेऊन बसलोय, असं मनात येणं साहजिक आहे. त्यातूनच मग लवकर काहीतरी पुरं करून भिंतीवर लावायची ओढ लागते. माझी काळजी तेवढीच आहे. संकटात चित्रांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं संकटामुळे नाही, घाईमुळे होतं.

रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचं ‘काळा चौकोन’ हे चित्र घे. पहिलं महायुद्ध चालू असताना, डिसेंबर 1915 मध्ये, पेट्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) ‘0,10’ या प्रदर्शनात ते लागलं. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, अगदी वर, जिथे रशियन घरांत देवप्रतिमा असते. चित्र 79.5 सेंटिमीटर लांब-रुंद, फार मोठं नाही. आज त्या काळ्यावर भेगांचं जाळं आहे आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. 2015 मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या तपासणीत काळ्याखाली आधीच्या दोन रचना असल्याचं दिसलं. खालचा थर ओला असताना वरून रंग चढवला, की वरचा आधी घट्ट होतो, खालचा मागाहून आकसत राहतो, आणि वरचा तडकतो.

तू तैलरंगात थरावर थर देतेस, म्हणून हे तुला जास्त लागू आहे. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले, कमी तेलाचे ठेव. वर जाशील तसं जवस तेल वाढव. उलटं केलंस तर तडा ठरलेलाच. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो; कॅडमियमचे रंग आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा रेंगाळतात, म्हणून आयव्हरी ब्लॅकचा जाड थर कधी तळाला घालू नकोस. बोटाला रंग लागत नाही म्हणजे थर वाळला असं समजू नकोस, तो वरची साय धरलेला असतो. जाड भागात कडेला नखानं हलकं दाबून बघ. नखाची खूण उमटली तर थांब. शेवटचं व्हार्निश पातळ थरांवरसुद्धा सहा महिन्यांच्या आत नको. एवढी सवड नसेल तर ते चित्र अ‍ॅक्रिलिकमध्येच सुरू कर. वाळलेल्या पातळ अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र कधीच नाही. तो पापुद्र्यासारखा सुटून येतो.

माल मिळेनासा झाला की माणूस हाताला लागेल ती ट्यूब उचलतो. पांढऱ्याच्या बाबतीत तसं करू नकोस. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, क्रमांक असतो. पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू 4 म्हणजे झिंक. तेलातला झिंक काही वर्षांत काचेसारखा ठिसूळ होतो आणि वरचे थर त्याच्यापासून सुटू लागतात. नावात टायटॅनियम असूनही आत कधी कधी दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा पुढचं मोठं नाव न वाचता मागचे आकडे वाच. भिंतीचा डिस्टेंपरही टाळ. त्यात भुकटी जास्त आणि बांधणारं द्रव्य कमी असतं, त्यामुळे तो खडूसारखा निघतो.

कॅनव्हास मिळत नसेल तर 3 ते 4 मिलिमीटरचं हार्डबोर्ड उत्तम. दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) सारखेच हात दे. पुढूनच दिलेस तर एक बाजू दमट हवा शोषते, दुसरी शोषत नाही, आणि बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा कच्च्या कामापुरताच वापर. त्यातल्या आम्लानं तो पिवळा पडून तुकडे होतो. आणि आकार लहान झाला म्हणून काम लहान झालं असं मनात आणू नकोस. दुसऱ्या महायुद्धातल्या पॅरिसमध्ये अमूर्त चित्रकार कँडिन्स्कीला मोठा कॅनव्हास मिळेना, तेव्हा 1942 नंतर तो छोट्या फळ्या आणि पुठ्ठ्यांवर आला. 1944 चं त्याचं शेवटचं पुरं झालेलं चित्र 42 बाय 58 सेंटिमीटरचं आहे, पुठ्ठ्यावर तैलरंगात. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स 1940 मध्ये ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या हचिन्सन छावणीत नजरकैदेत होता. तिथे त्यानं लायनोलियमच्या (जमिनीवर अंथरायच्या आच्छादनाच्या) तुकड्यांवर चित्रं काढली आणि चक्क लापशीची शिल्पं केली. शिल्पांना बुरशी आली, ती टिकली नाहीत. लायनोवरची चित्रं टिकली. हाताशी काय आहे यासोबत त्यातलं काय टिकणार आहे हेही विचारायचं, ते यासाठी.

वीज गेली, खोली गार पडली, तर अ‍ॅक्रिलिक बंद ठेव. साधारण 10 अंशांच्या खाली त्याचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि वाळलेला थर भुसभुशीत राहतो. त्या दिवसांत शाई, पेन्सिल, जलरंग असं कागदावरचं काम कर.

शीर्षकांबद्दल मला जरा हट्टानं सांगायचंय. प्रत्येक चित्राला या संकटाचं नाव देऊ नकोस. नाव दिलं की बघणारा लाल रंगात रक्त आणि काळ्यात धूर शोधतो आणि चित्र पाहायचं थांबवतो. स्पेनचं यादवी युद्ध 1939 मध्ये संपलं. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट मदरवेलनं स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या विलापिकांची मालिका 1948 मध्ये सुरू केली आणि मग आयुष्यभरात तशी 100 हून जास्त चित्रं केली. तेव्हा नावाची घाई नको; सध्या क्रमांक आणि वर्ष लिही. नाव पुढे सुचलं तर दे.

आता दाखवण्याचं. गॅलऱ्या बंद असतील तर लोक आधी फोटोच पाहतील, आणि अमूर्त चित्राचा वाईट फोटो म्हणजे चित्रच नाही. चेहरा असता तर रंग चुकला तरी चेहरा कळला असता. तुझ्या चित्रात रंग चुकला की उरतं काय? कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंग चित्राच्या बरोब्बर मध्यावर, भिंतीला समांतर. 50 ते 100 मिलिमीटरची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) 100, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेली, फाइल. सारखे दोन दिवे, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, चित्रापासून त्याच्या रुंदीच्या दुप्पट अंतरावर. खिडकीचा उजेड आणि घरातला बल्ब एकत्र नको. अर्धं चित्र निळसर, अर्धं पिवळं येतं. पहिला फोटो राखाडी कार्ड समोर धरून काढ आणि रंगाचा तोल त्यावरून साध. मग दोन फोटो जास्तीचे: एका बाजूनंच तिरपा उजेड टाकून पोताचा, आणि शेजारी खुर्ची ठेवून मापाचा. पडद्यावर 30 सेंटिमीटरचं आणि 2 मीटरचं चित्र सारखंच दिसतं.

खरी जागा मिळाली तर चित्रं कमी लाव. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेव, आणि दोन हूक वापर. एका हुकावर चित्र हळूहळू तिरकं होतं. कागदावरच्या कामाला 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे, तैलरंगाला 200 पर्यंत. हवा एकसारखी राहील असं बघ. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं वेल्समधल्या मॅनोडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली होती. तिथे आर्द्रता 42 टक्क्यांवर स्थिर राखली आणि रंगाला फोड येण्याचं, पोपडे सुटण्याचं प्रमाण चांगलंच घटलं. रोज वर-खाली होणारी हवा सगळ्यात वाईट.

चित्र लावायला तू तिथे नसशील, हे धरूनच चाल. प्रत्येकाच्या पाठीवर लाकडी चौकटीवर पेन्सिलीनं वर्ष, माप, माध्यम, क्रमांक लिही आणि वरच्या दिशेला ठळक बाण काढ. डच अमूर्त चित्रकार मोंद्रियान दुसऱ्या महायुद्धामुळे न्यूयॉर्कला गेला. तिथे 1941 मध्ये चिकटपट्ट्यांचं ‘न्यूयॉर्क सिटी 1’ करत होता, ते अपुरं आणि सहीविना राहिलं. ते कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं 2022 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी मांडलं. आता ते फिरवताही येत नाही, कारण पट्ट्या सैल झाल्यात आणि उलटं केलं तर सुटतील. तू बाण काढ.

चित्र हलवायची वेळ आली आणि गुंडाळावंच लागलं, तर रंगाची बाजू बाहेर. आत घेतलीस तर रंग दाबला जाऊन पोपडे सुटतात. नळी निदान 20 सेंटिमीटर व्यासाची घे, मध्ये सिलिकॉन लावलेला कागद घाल. फुगे असलेलं प्लास्टिक रंगाला टेकलं तर अ‍ॅक्रिलिकवर फुग्यांचे गोल उमटतात. जाड रंगाचं चित्र गुंडाळूच नकोस. गारठ्यातून आलेली गुंडाळी लगेच उघडू नकोस, एक दिवस खोलीत राहू दे.

करारात दोन गोष्टी लेखी घे. प्रदर्शन पुढे ढकललं तर चित्रं तोवर कुणाच्या ताब्यात आणि कुणाच्या खर्चानं राहतील, ही एक. दुसरी विम्याची: तुझ्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे येईपर्यंतचा विमा हवा, आणि त्यातली वगळलेल्या जोखमींची यादी वाच. युद्धाचं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. चित्र निघताना आणि परतताना चारही कोपऱ्यांचे आणि पाठीचे फोटो काढून तारीख घाल. नाहीतर ओरखडा कुणाचा, हा वाद मिटत नाही.

मदतीसाठी चित्रं दान करायची म्हणतेस. मनापासून वाटत असेल तर जरूर कर, पण किती टक्के कुणाला आणि रंग-चौकटीचा खर्च आधी वजा होणार की नाही, हे विक्रीआधी लिहून ठेव. दुसरा रस्ताही आहे. अमेरिकन कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमनं ऑक्टोबर 1942 मध्ये न्यूयॉर्कला ‘आर्ट ऑफ धिस सेंच्युरी’ ही गॅलरी उघडली, तेव्हा पहिल्या रात्रीच्या तिकिटांचे पैसे रेड क्रॉसला दिले. तसं केलंस तर चित्रं तुझ्याकडे राहतील आणि पुढच्या प्रदर्शनाला कामी येतील.

जागेचं पक्कं झालं की भिंतींची मापं पाठव, कुठलं चित्र कुठे बसेल ते दोघी मिळून कागदावर मांडू.

तुझी,
आई