लोटेची कात्री

चोपडा, जि. जळगाव
श्रावण

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. ॲनिमेशन स्टुडिओनं महिनोन्महिने तुझे पैसे थकवायचे आणि वर, हातानं चित्र काढणाऱ्याची आता गरज नाही असं तोंडावर सांगायचं, याला काय म्हणावं? तू नोकरी सोडलीस ते योग्यच केलंस. गावी येऊन भावाबरोबर केळी लावीन म्हणतोस, तेही खुशाल कर. पण पत्राच्या शेवटी "चित्रांचा नाद संपला" असं लिहिलंयस, ते मला पटलेलं नाही. म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसलो.

काळ्या कागदाच्या बाहुल्या हलवून सावल्यांचे चित्रपट, म्हणजे छायापट, करणारी जर्मन कलावंत लोटे रायनिगर हे नाव तू ऐकलं असशील, पण तिचं काम सलग पाहिलंयस का? मी गेल्या उन्हाळ्यात पाहिलं आणि तेव्हापासून वर्गात, घरात माझ्या तोंडी तिचंच नाव आहे.

ती १८९९ साली बर्लिनमध्ये जन्मली. लहानपणापासून काळ्या कागदातून माणसं कापायची, घरच्यांना त्यांच्या सावल्यांची नाटकं करून दाखवायची. पुढे मॅक्स राइनहार्टच्या नाट्यशाळेत शिकायला गेली. तिथं विंगेत उभी राहून नटांच्या आकृत्या कापत बसायची. पाउल वेगेनर नावाच्या नट-दिग्दर्शकाची नजर त्यावर गेली आणि त्यानं तिला १९१८ सालच्या आपल्या मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या करायला दिल्या. हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट होती ती. त्यात उंदरांनी पुंगीवाल्यामागे जायचं, पण खरे उंदीर काही ऐकेनात. मग गिनीपिगांना शेपट्या लावून पाहिल्या, तेही जमेना. शेवटी लाकडाचे उंदीर केले आणि एकेक चित्र घेत त्यांना कणाकणानं सरकवलं. त्या खटाटोपात लोटे होती. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, तिनं स्वतःचा पहिला छोटा छायापट केला. वय वर्षं वीस!

आता तिची कामाची रीत सांगतो, कारण ती तुझ्यासारख्यालाच कळेल. आडव्या काचेच्या टेबलाखाली दिवा, वर टांगलेला कॅमेरा. काचेवर काळ्या पुठ्ठ्याची आणि पातळ शिशाच्या पत्र्याची बाहुली. खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा असे सगळे भाग सुटे कापलेले आणि बारीक तारेनं जोडलेले. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. पडद्यावर एक पाऊल पुढे पडायला इकडे कितीदा वाकावं लागत असेल, ते तुला मी काय सांगू!

कापतानाची तिची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली. कात्री उजव्या हातात जवळजवळ स्थिर असते आणि फिरतो तो डाव्या हातातला कागद. आधी पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. हरणाचं शिंग, बुरख्याची झालर, बोटांची टोकं सरळ कागदातून बाहेर येतात. मी वीस वर्षं मुलांना कात्रीकाम शिकवतोय, पण असा हात दुसरा पाहिला नाही.

तिचा मोठा चित्रपट जन्माला आला तो जर्मनीतल्या महागाईमुळे. लुई हागेन नावाच्या बँकरनं पैशाची किंमत रोज उतरतेय म्हणून कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती. तो लोटेला म्हणाला, यातून पूर्ण लांबीचा चित्रपट कर. पॉट्सडॅममध्ये त्याच्या गॅरेजवरच्या पोटमाळ्यात १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं ती, तिचा नवरा कार्ल कोख आणि मोजके साथीदार राबले. कॅमेरा कोख सांभाळायचा. जादूचे वळवळते आकार वाल्टर रुटमानचे, समुद्राच्या लाटा बेर्टोल्ड बार्टोशच्या. काचांचे थर एकावर एक ठेवून तिनं त्यात खोली आणली, आणि डिस्नेचा तसल्या थरांचा प्रसिद्ध कॅमेरा यायला अजून दहा-एक वर्षं होती. 'प्रिन्स अखमेदची साहसं' १९२६ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये दाखवला गेला. डिस्नेची हिमगौरी १९३७ ची, म्हणजे अकरा वर्षांनंतरची. आज शिल्लक असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून लोटेच्या याच चित्रपटाचं नाव घेतात.

सगळंच मला आवडलं असंही नाही. अरबी सुरस गोष्टींमधून घेतलेली कथा आहे आणि त्यातल्या आफ्रिकी चेटक्याचं चित्रण आज पाहताना खटकतं. त्या काळच्या युरोपचा चष्मा तिच्याही डोळ्यांवर होता. मुलांना दाखवताना हे मी आधी बोलून घेतलं.

पण माणसाची चाल मात्र तिला जशी दिसली तशी फार थोड्यांना दिसते. सावलीला डोळे नाहीत, ओठ नाहीत, चेहऱ्यावरचा भाव दाखवायची सोयच नाही. दुःख दाखवायचं तर पाठीच्या बाकातून, लाज दाखवायची तर मनगटाच्या वळणातून. कुठल्याही यंत्रावर काम कर, ही नजर आधी लागते. ती तुझ्याकडे आहे. दहावीत असताना एस.टी. स्टँडवर बसून तू उतारूंच्या नुसत्या पाठी काढायचास, मला अजून त्या वहीतलं पान न् पान आठवतं.

पुढचं तिचं आयुष्य सोपं नव्हतं. हिटलर आल्यावर नवरा-बायकोनं देश सोडला, पण कुठंच कायम राहायची परवानगी मिळेना. एका देशातून दुसऱ्यात फिरत राहिली दोघं, आणि त्या धावपळीतही 'पापागेनो' सारखा गोड छायापट १९३५ मध्ये झाला. युद्धाच्या शेवटी शेवटी आजारी आईसाठी तिला बर्लिनला परतावं लागलं. १९४५ मध्ये शहराच्या लढाईत अखमेदची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. तीन वर्षांचं काम, रवी! लंडनमध्ये एक प्रत राहिली होती म्हणून आज आपण तो पाहू शकतो. १९४९ मध्ये ती लंडनला गेली, त्या बँकरच्या मुलाबरोबर परीकथांचे छोटे छायापट केले आणि त्यातल्या एकाला १९५५ मध्ये व्हेनिसला पहिलं बक्षीस मिळालं. १९६३ मध्ये कोख गेला. त्यानंतर बरीच वर्षं तिचं काम थांबलं, पण सत्तरीत कॅनडातून बोलावणं आलं तेव्हा तिनं पुन्हा काचेचं टेबल मांडलं. १९८१ मध्ये ती गेली.

आता इकडची गोष्ट. शाळेतल्या जुन्या टेबलाची फळी काढून मी काच बसवली, खाली ट्यूबलाइट, वर स्टँडला माझा मोबाइल. मुलांना म्हटलं, राजवाडे नकोत, आपल्या शिवारातलं माणूस चालवून दाखवा. सातवीतल्या एका मुलीनं डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई कापली. मी मानेला सांधा द्यायला सांगितला तर म्हणते, "गुरुजी, भारा ऱ्हायना का मान हालत नही, कंबर हालस." तिनं मान आणि भारा एकाच तुकड्यात ठेवला, कंबरेला आणि गुडघ्याला तार घातली. फिल्म चालवली आणि वर्ग चिडीचूप. एक पोरगा म्हणाला, ही तर माझी आजी.

परवा कानबाई देवीचा उत्सव झाला. मिरवणूक पाहून आल्यापासून मुलांना तीच करायची आहे: डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, डफ, फुगडी, नदीवरचा निरोप. एवढी गर्दी हलवायची तर थर कसे लावायचे, कुणाला आधी सरकवायचं, हे माझ्या आवाक्यातलं नाही. मला चित्र येतं, ॲनिमेशनचा हिशेब येत नाही. तो तुला येतो.

शाळेकडे द्यायला पैसे नाहीत, हे आधीच सांगतो. जेवायला-राहायला आमच्याकडे. भरताची वांगी यायला लागली की आई तुझी आठवण काढतेच. केळीची लागवड उरकली की दिवाळीच्या सुटीत आठवडाभर ये. येताना तुझी तासणी आणि ती बारीक टोकाची कात्री आण, इथं बाजारात तशी मिळत नाही. तारेचं बंडल मी भुसावळहून मागवून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा. तारीख कळव.

तुझा,
प्रकाश