सरासरी गाठली, भात गेला

संपादक महोदय,

कालच्या अंकातला डोंगरी शेतीवरचा लेख वाचला. एवढा पाऊस पडूनही पीक हाती लागत नसेल तर दोष नियोजनाचा, हे लेखकमहाशयांचे निदान वाचून करमणूक झाली. सोबतच्या फोटोत धबधबा होता, सेल्फी काढणारी मंडळी होती. भाताचे खाचर तेवढे दिसले नाही.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट, असे आपणच छापले होते. जुलैच्या पावसावर आमची आवणी (भातरोपांची लावणी) उरकली आणि नेमकी फुटवे, म्हणजे बुंध्याला नवे कोंब, धरायच्या वेळी उघडीप पडली. जमीन मुरमाड, खाली काळा कातळ. पाणी मुरणार कुठे आणि थांबणार कशात? त्यात बांधाला खेकड्यांची बिळे. पहाटे उठून चिखलाने ती लिंपायची, तर दुपारपर्यंत खाचर पुन्हा रिकामे. बघता बघता तळाला भेगा गेल्या. पाणी हटले तसे तण माजले, निंदणीचा खर्च वेगळाच. पुढे पाऊस आला, पण फुटवेच नाहीत तर लोंब्या कुठून येणार? इंद्रायणी भाताची निम्मी पोतीही भरली नाहीत. वरकसातली, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतली, नागली (नाचणी) तर गुडघ्यालाही लागली नव्हती.

पाहणीला आलेल्या साहेबांनी मोबाइलवर महसूल मंडळाचा पाऊस बघितला, "सरासरी तर गाठलीय की" म्हणाले आणि चहा घेऊन गेले. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमचे अकोले नव्हतेच.

नियोजन म्हणाल, तर ते इंग्रजांनी १९२६ मध्येच पूर्ण केले. आमच्या तालुक्यातले भंडारदरा धरण भरले की ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, ते प्रवरा नदीने खाली उसाला जाते. खालच्यांना मिळू नये असे माझे म्हणणे नाही. पण धरणाच्या वर राहणाऱ्याने ते पाणी नुसते बघायचे आणि वर नियोजनाचे धडेही ऐकायचे? लेखकांनी एकदा एप्रिलात आमच्या वाडीवर यावे. जेवायची सोय आम्ही करू, पाण्याची बाटली मात्र सोबत आणावी.

जाता जाता आणखी एक. आपल्या बाजारभावाच्या तक्त्यात कांदा, टोमॅटो, डाळिंब रोज असतात. नागली आणि वरई कधीच का नसते? व्यापारी दारात येऊन सांगतो तो भाव आम्ही मुकाट घेतो. ती एक ओळ छापलीत, तर निदान त्याच्याशी भांडता तरी येईल.

– एक भातशेतकरी, ता. अकोले, जि. अहिल्यानगर