अनोळखी हातांचे आभार

मे महिन्यात भुसावळात पारा ४५च्या वर जातो. एसी, इन्व्हर्टर, बाबांसाठी ऑक्सिजनचं मशीन. सगळी सोय घरातच, म्हणून आम्ही निर्धास्त. त्या रात्री वादळाने तारा तुटल्या, इन्व्हर्टरही बसला आणि बाबांचे ओठ निळे पडू लागले. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. आईने आमच्या खान्देशच्या देवीला, कानबाईला हाक मारली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली पोरं कुठून तरी सिलिंडर घेऊन आली. एकाच्या पायात चप्पलही नव्हती. एक मावशी पहाटेपर्यंत ओल्या पंच्याने बाबांचे तळवे पुसत बसल्या. नावं विचारायची राहूनच गेली. देवीनेच तुम्हाला धाडलं, असं मी मनापासून मानतो. बाबा आता बरे आहेत. श्रावणात आमच्याकडे कानबाईची स्थापना असते. भाऊ, मावशी, दर्शनाला नक्की या.